आधी काय, नंतर काय? : कथामालिकांचा कालक्रम आणि रसिकांच्या उपपत्ती

१. उद्दिष्टे

या पाठाचे अध्ययन केल्यानंतर आपणांस पुढील गोष्टी करता येतील :

• निर्मितिक्रम, कथाकाल आणि कथनक्रम यांतील भेद स्पष्ट करणे.
• दीर्घ कथामालिकांतील विसंगती वाचक कोणकोणत्या मार्गांनी सोडवतात, ते सोदाहरण सांगणे.
• कालक्रमाविषयीची एखादी उपपत्ती पुराव्याच्या कसोटीवर तपासणे.

२. प्रास्ताविक

काही वर्षांपूर्वी वसईतील एका संपर्कसत्रानंतर अर्नाळ्याहून येणारे एक अध्ययनार्थी माझ्याजवळ येऊन थांबले. पहाटे मासळीच्या कामावर जाणारे आणि रविवारी वर्गात बसणारे हे गृहस्थ वयाने माझ्याच बरोबरीचे होते. त्यांचा मुलगा एका जपानी व्हिडिओ गेमच्या मालिकेत रमला होता. तो नुसता खेळत नसे. मालिकेतील कोणती कथा आधी घडली आणि कोणती नंतर, याची टिपणे काढून त्याने दोन वह्या भरल्या होत्या. त्या वह्यांत वंशावळी होत्या, बाण होते, खोडलेल्या ओळी होत्या. वडिलांचा प्रश्न साधा होता : "सर, याला अभ्यास म्हणायचं की वेळ घालवणं?" मी हसून म्हटले, "छंद आहे, करू द्या."

घरी परतताना मला माझी स्वतःची वही आठवली. शाळकरी वयात मी बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा भाड्याने आणून वाचत असे. चंद्रकांत सखाराम चव्हाण हे त्यांचे मूळ नाव. टोपणनावात मात्र अर्नाळा गाव कायमचे वस्तीला आले. हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिणाऱ्या या लेखकाचे झुंजार, काळापहाड, धनंजय हे नायक आमच्या पिढीला घरच्या माणसांसारखे परिचित होते. माझ्या हाती येणाऱ्या पुस्तिकांची मुखपृष्ठे बहुधा गळालेली असत, त्यामुळे प्रकाशनाचे वर्ष कळत नसे. तरीही झुंजारची कोणती कथा आधीची, कोणती नंतरची, हे ठरवण्याचा मी हट्ट धरला होता. ती वही पाहून एका शिक्षकांनी "याऐवजी पाढे लिही" असा शेरा दिला आणि तो उद्योग तिथेच संपला. आता त्याच प्रश्नाला मीही जवळजवळ तेच उत्तर दिले होते.

त्या गृहस्थांना द्यायला हवे होते ते उत्तर या पाठात मांडण्याचा प्रयत्न केला आहे. कथामालिकेचा कालक्रम लावणे ही अर्थनिर्णयाची क्रिया आहे. वाङ्मयेतिहासाचा अभ्यासक जी साधने वापरतो, तीच साधने येथे रसिक वापरत असतो. तो ती नीट वापरतो की नाही, हे तपासता येते. आणि ज्याची अशी तपासणी करता येते, त्याला अभ्यास म्हणण्यास हरकत नसावी.

३. तीन प्रकारचे क्रम

कोणत्याही कथामालिकेत तीन क्रम एकाच वेळी नांदत असतात.

पहिला निर्मितिक्रम. लेखकाने कथा कोणत्या क्रमाने लिहिल्या वा प्रसिद्ध केल्या, हा तो क्रम. दुसरा कथाकाल. कथेच्या जगात घटना कोणत्या क्रमाने घडल्या, हा तो काळ. तिसरा कथनक्रम. एकाच कथेच्या आत घटना कोणत्या क्रमाने सांगितल्या, हा तो क्रम. पूर्वस्मृतीचे तंत्र वापरले की कथनक्रम आणि कथाकाल यांची फारकत होते.

या पाठात आपला संबंध मुख्यतः पहिल्या दोन क्रमांशी आहे. ते दोन्ही जुळतात तोवर वाचकाला प्रश्न पडत नाही. जुळेनासे झाले की उपपत्ती जन्माला येते.

आर्थर कॉनन डॉयल यांच्या शेरलॉक होम्सच्या कथा हे याचे जुने उदाहरण होय. १८९३ साली डॉयल यांनी आपला नायक एका धबधब्यात मारून टाकला. पुढे १९०१-०२ मध्ये बास्करव्हिलची कथा आली, तिचा कथाकाल त्या मृत्यूपूर्वीचा ठेवला होता. १९०३ मध्ये होम्स जिवंत परतला. शिवाय डॉ. वॉटसन यांना युद्धात झालेली जखम १८८७ च्या पहिल्या कादंबरीत खांद्याला आहे, तर १८९० च्या कादंबरीत पायाला. लेखकाने याची फारशी फिकीर केली नाही; वाचकांनी मात्र केली. १९११ मध्ये रोनाल्ड नॉक्स यांनी या कथांवर एक निबंध वाचला. बायबलच्या चिकित्सेसाठी विद्वान जी पद्धत वापरत, ती त्यांनी होम्सकथांना गमतीने लावून दाखवली होती. त्या गमतीतून पुढे होम्सकथांच्या कालनिर्णयाची एक स्वतंत्र परंपरा सुरू झाली.

४. एक सविस्तर उदाहरण : झेल्डाची आख्यायिका

अर्नाळ्याच्या त्या मुलाने वह्या भरल्या होत्या, ती मालिका म्हणजे 'द लेजंड ऑफ झेल्डा'. क्योतो येथील निंटेंडो या कंपनीने तिचा पहिला खेळ १९८६ साली जपानमध्ये प्रसिद्ध केला. शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका हे तिचे मूळ निर्माते. हायरूल नावाचे राज्य, झेल्डा नावाची राजकन्या, लिंक नावाचा तरुण वीर आणि गॅनन वा गॅननडॉर्फ नावाचा प्रतिनायक हे घटक बहुतेक खेळांत परत परत येतात. येथे प्रश्न उभा राहतो : दरवेळी येणारा लिंक तोच आहे काय? तोच असेल, तर त्याला आधीच्या खेळांतील काहीच कसे आठवत नाही? आणि वेगळा असेल, तर या कथांचा परस्परसंबंध काय?

आरंभी प्रश्न अवघड नव्हता. १९८७ चा दुसरा खेळ पहिल्याच्या पुढचा होता. १९९१ चा 'अ लिंक टू द पास्ट' हा त्या दोहोंच्या पूर्वीचा मानला गेला. त्याच्या प्रस्तावनेत एका जुन्या युद्धाचा उल्लेख होता : पूर्वी कधीतरी सात ऋषींनी गॅननला बंदिस्त केले होते. १९९८ मध्ये 'ओकारिना ऑफ टाइम' आला आणि त्यात हीच जुनी घटना दाखवली असावी, असे सर्वांना वाटले. पण तपशील जुळेनात. जुन्या प्रस्तावनेतल्या युद्धात ऋषी आणि सरदार होते; नव्या खेळात लिंक हा वीर केंद्रस्थानी होता. त्यातच या खेळाचा शेवट चमत्कारिक होता. लिंक सात वर्षांच्या निद्रेतून तरुण होऊन उठतो, गॅननडॉर्फचा पराभव करतो आणि मग झेल्डा त्याला पुन्हा त्याच्या बालपणात पाठवून देते. मग तो ज्या भविष्यातून परतला, त्या भविष्याचे पुढे काय झाले?

रसिकांनी येथे एक धाडसी उपपत्ती मांडली. काळाला दोन फाटे फुटले असावेत : एका फाट्यावर प्रौढ लिंकने जिंकलेले, पण वीराविना उरलेले जग, आणि दुसऱ्यावर परतलेल्या बालकाचे जग. २००२ च्या 'द विंड वेकर'मध्ये हायरूल समुद्राखाली बुडालेले दिसले. वीर नसताना गॅनन परत आला आणि देवांनी राज्यच पाण्याखाली घातले, असे त्यात सांगितले होते. २००६ च्या 'ट्वायलाइट प्रिन्सेस'मध्ये मात्र तेच राज्य कोरड्या भूमीवर उभे होते. दोन फाट्यांची उपपत्ती या दोन्ही खेळांना सामावून घेत होती.

डिसेंबर २०११ मध्ये जपानमध्ये 'हायरूल हिस्टोरिया' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि त्यात अधिकृत कालक्रम छापला गेला. रसिकांची फाट्यांची कल्पना त्यात मान्य झाली होती. पण फाटे दोन नव्हते, तीन होते. तिसरा फाटा 'ओकारिना ऑफ टाइम'मधील वीर अखेरच्या लढाईत हरला, तर काय झाले असते, याचा होता. १९९१ चा खेळ आणि सर्वांत जुने दोन्ही खेळ या तिसऱ्या फाट्यावर बसवण्यात आले.

वाद येथे मिटला नाही. २०१७ चा 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड' सर्व खेळांनंतर फार दीर्घ काळाने घडतो. पण तो कोणत्या फाट्यावर, हे निर्मात्यांनी सांगितले नाही. २०२३ च्या 'टिअर्स ऑफ द किंगडम'मध्ये हायरूलच्या पहिल्या राजाची कथा आली आणि ती पूर्वीच्या खेळांतील आरंभकथेशी सहजी जुळेना. वह्यांना पुन्हा नवी पाने जोडली गेली.

५. विसंगती सोडवण्याचे चार मार्ग

या सर्व चर्चेतून विसंगती सोडवण्याचे चार मार्ग दिसतात. मराठी वाचकाला यांतील एकही मार्ग परका नाही. आपल्या परंपरेत ते पूर्वीपासून रुळलेले आहेत.

(अ) व्यक्तिभेद. नाव एक, माणसे दोन, असे मानणे हा पहिला मार्ग. १९८७ च्या झेल्डा खेळात हीच युक्ती आहे. फार पूर्वी झेल्डा नावाची एक राजकन्या शापाने निद्रिस्त झाली. तिच्या स्मरणार्थ राजघराण्यात जन्मणाऱ्या प्रत्येक कन्येला झेल्डा हेच नाव द्यावे असा नियम तिच्या भावाने घातला, असे त्या खेळाची पुस्तिका सांगते. म्हणजे नाव चालत राहते, व्यक्ती बदलते. मराठी वाङ्मयेतिहासात याच स्वरूपाचा एक प्रसिद्ध वाद एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस झाला. 'भारद्वाज' या नावाने लिहिणाऱ्या शिवराम एकनाथ भारदे यांनी असे प्रतिपादन केले की, ज्ञानेश्वरीचे कर्ते आणि अभंगांचे कर्ते हे दोन भिन्न ज्ञानदेव होत. ज्ञानेश्वरीची भाषा आणि अभंगांची भाषा यांतील अंतर हा त्यांच्या मांडणीचा एक आधार होता. प्रतिपक्षाचे म्हणणे असे की, अभंग मुखोद्गत परंपरेने चालत आले, त्यामुळे त्यांची भाषा गाणाऱ्यांच्या मुखी पिढ्यान्‌पिढ्या नवी होत गेली. भारदे यांचे मत पुढे सर्वमान्य झाले नाही. परंतु त्या वादामुळे दोन्ही रचनांच्या भाषेकडे अभ्यासकांना बारकाईने पाहावे लागले. चुकीची ठरणारी उपपत्तीही अभ्यासाला चालना देऊ शकते, याचे हे उदाहरण होय.

(आ) कल्पभेद. पुराणकथांत विसंगती विपुल आहेत. महाराष्ट्रात कार्तिकस्वामी ब्रह्मचारी मानले जातात, तर तमिळ प्रदेशात तेच दैवत वल्ली आणि देवसेना यांचे पती आहे. अशा वेळी पुराणिक आणि कीर्तनकार 'हा कल्पभेद आहे' असे समाधान देत आले आहेत. कल्प म्हणजे ब्रह्मदेवाचा एक दिवस, मानवी गणनेने ४३२ कोटी वर्षे. एका कल्पात कथा अशी घडली, दुसऱ्यात तशी, दोन्ही खऱ्या. पूजेच्या संकल्पात आपण 'श्वेतवाराहकल्प' आणि 'वैवस्वत मन्वंतर' यांचा उच्चार करतो, तेव्हा अनेक कल्पांपैकी आपण कोणत्या कल्पात उभे आहोत, हेच सांगत असतो. झेल्डा मालिकेतील तीन फाटे हे या कल्पनेचे नातेवाईक म्हणता येतील. मात्र एक भेद ध्यानात ठेवावा. कल्प एकामागून एक येतात. हे फाटे एकाच क्षणापासून निघून समांतर चालतात.

(इ) कथनभेद. घटना एकच; सांगणारे अनेक, म्हणून कथा वेगळ्या, असे मानणे हा तिसरा मार्ग. काही रसिकांच्या मते मालिकेच्या नावातच 'लेजंड', म्हणजे आख्यायिका, हा शब्द असल्याने हे सगळे खेळ एकाच जुन्या आख्यायिकेची निरनिराळी कथने आहेत. त्यांचा एकमेकांशी काळाचा संबंध शोधूच नये. जात्यावरच्या ओवीतील सीतेची कथा आणि ग्रंथातील सीतेची कथा यांत कालक्रम कोणी शोधत नाही, तसाच हा प्रकार.

(ई) कालस्थगिती. काळ पुढे सरकतच नाही, असे मान्य करणे हा चौथा मार्ग. भा. रा. भागवत यांचा बनेश ऊर्फ फास्टर फेणे पुस्तकामागून पुस्तक पार करतो, तरी पुण्याच्या विद्याभवनातील विद्यार्थीच राहतो. फुरसुंगीच्या या मुलाचे वय मोजू गेल्यास गणित बिघडते. बालवाचकाला त्याचे काही वाटत नाही, कारण नायकाने आपल्याच वयाचे राहावे असा वाचक आणि लेखक यांच्यात एक अलिखित करार असतो. २०१७ च्या मराठी चित्रपटात हा नायक तरुण होऊन आजच्या काळात आला, तेव्हा तो करार मोडला आणि 'हा तोच बनेश काय?' हा प्रश्न विचारता येऊ लागला.

आपली प्रगती तपासा – १
आपल्या परिसरातील एखाद्या ग्रामदैवताच्या दोन परस्परविसंगत कथा आठवा. गावकरी ही विसंगती वरील चारांपैकी कोणत्या मार्गाने सोडवतात?

६. भाषेचा पुरावा : नावे आणि कालवाचक शब्द

कालक्रमाच्या वादात शेवटी पुरावा भाषेचाच असतो, म्हणून भाषाविज्ञानाच्या दृष्टीने दोन गोष्टी सांगणे आवश्यक आहे.

पहिली गोष्ट नावाची. नाव व्यक्तीकडे निर्देश करते. ती व्यक्ती कोण, याचा निर्णय नाव स्वतः करत नाही. हे समजण्यासाठी अर्नाळ्याच्या किल्ल्याकडे पाहू. गावासमोर समुद्रातील बेटावर हा किल्ला आहे आणि तेथे होडीने जावे लागते. त्याच्या प्रवेशद्वारावरील देवनागरी शिलालेखात बाजीरावांचा उल्लेख आहे. पण पेशव्यांच्या घराण्यात बाजीराव दोन झाले. पहिले बाजीराव १७२० ते १७४० या काळात पेशवेपदावर होते. दुसरे बाजीराव १७९६ मध्ये पेशवे झाले आणि १८१८ मध्ये त्यांची सत्ता संपली. शिलालेखातले बाजीराव पहिले की दुसरे? 'पहिला' हे विशेषण तेथे असणे शक्यच नव्हते, कारण दुसरा जन्माला आल्यावाचून कोणालाही पहिला म्हणता येत नाही. आपण निर्णय करतो तो बाह्य पुराव्यावरून : मराठ्यांनी हा किल्ला पोर्तुगीजांकडून १७३७ मध्ये घेतला आणि शिलालेखाचा आशय त्या प्रसंगाला धरून आहे. म्हणून हे पहिले बाजीराव.

झेल्डा मालिकेतही असाच प्रसंग उद्भवतो. १९९८ च्या खेळात राउरू नावाचा ऋषी आहे. २०२३ च्या खेळात हायरूलच्या पहिल्या राजाचे नावही राउरू आहे. नामसाम्यावरून दोघांना एक मानणे घाईचे ठरेल आणि दोघांचा काहीच संबंध नाही असे म्हणणेही घाईचेच. मराठीत 'तोच राउरू' आणि 'राउरू नावाचा दुसरा' यांतील भेद 'च' या एका अव्ययाने दाखवता येतो. उपपत्ती मांडणाऱ्याने हा 'च' कोणत्या पुराव्यावर लावला, हे आपण विचारले पाहिजे.

दुसरी गोष्ट कालवाचक शब्दांची. 'पूर्वी', 'प्राचीन', 'फार वर्षांपूर्वी' हे शब्द सापेक्ष आहेत. बोलणारा जेथे उभा आहे, तेथून ते मागे बोट दाखवतात. अंतर किती, हे सांगत नाहीत. 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड'मध्ये खडेमीठ मिळते आणि ते प्राचीन समुद्राचे मीठ असल्याचे त्याच्या वर्णनात म्हटले आहे. एवढ्या आधारावर काही रसिकांनी हा खेळ 'द विंड वेकर'च्या फाट्यावर बसवला, कारण तेथे राज्य समुद्राखाली गेले होते. तर्क चतुर आहे. पण 'प्राचीन समुद्र' म्हणजे कोणता समुद्र, हे ते वर्णन सांगत नाही. खडेमिठाच्या खाणी जेथे असतात, तेथे कधीकाळी खारे पाणी होते, एवढेच त्यावरून सिद्ध होते. आपल्या जगातही ते तसेच आहे. पुरावा उपपत्तीला अनुकूल असणे वेगळे आणि पुराव्याने उपपत्ती सिद्ध होणे वेगळे. वाङ्मयेतिहासातही या दोहोंची गल्लत वारंवार होते.

यासोबत एक सावधगिरी पाळावी. हे खेळ मुळात जपानी भाषेतले आहेत आणि आपल्याकडे ते इंग्रजी भाषांतरातून पोहोचतात. भाषांतरातील एका शब्दावर कालनिर्णयाचा डोलारा उभारण्यापूर्वी मूळ शब्द पाहणे आवश्यक असते. जुन्या मराठी ग्रंथाच्या बाबतीत आपण पाठभेद तपासतो, तोच हा नियम.

७. उपपत्ती कशी तपासावी?

रसिकाची उपपत्ती असो वा संशोधकाची, तिला पुढील चार प्रश्न विचारावेत.

पहिला प्रश्न पुराव्याच्या दर्जाचा. कथेच्या आत प्रत्यक्ष घडलेली घटना, कथेतील पात्राने सांगितलेली ऐकीव गोष्ट, सोबतच्या पुस्तिकेतील मजकूर आणि निर्मात्याचे नंतरचे निवेदन यांचे वजन सारखे नसते. पात्र चुकू शकते, विसरू शकते, खोटेही बोलू शकते.

दुसरा प्रश्न एकवाक्यतेचा. मीमांसकांनी वाक्यांचा परस्परांशी मेळ घालून एक अर्थ लावण्याला एकवाक्यता म्हटले. उपपत्तीने जास्तीत जास्त विधानांचा मेळ घातला पाहिजे. गैरसोयीची विधाने वगळून घातलेला मेळ हा मेळ नव्हे.

तिसरा प्रश्न लाघवाचा. आपले वैयाकरण सूत्रातील अर्धी मात्रा वाचली तरी आनंदत, अशी त्यांची ख्याती आहे. उपपत्तीतही नव्या गृहीतकांची संख्या कमीत कमी असावी. या कसोटीवर अधिकृत कालक्रमातील तिसरा फाटा अडचणीचा ठरतो. दोन फाट्यांना खेळाच्या शेवटातच आधार आहे : लिंक खरोखरच बालपणात परतताना दिसतो. वीर हरल्याची कथा मात्र खेळ सांगत नाही. 'हरला असता तर' हे एकदा मान्य केले, की प्रत्येक खेळाच्या प्रत्येक लढाईतून एक नवा फाटा काढता येईल. तरीही या फाट्याच्या बाजूने एक मुद्दा आहे. १९९१ च्या खेळाच्या प्रस्तावनेत वीर का नाही, याचे उत्तर त्यातून मिळते. लाघव गमावून एकवाक्यता साधली, असा या सौद्याचा हिशेब मांडता येईल.

चौथा प्रश्न खंडनाचा. कोणता पुरावा मिळाला तर ही उपपत्ती सोडून द्याल? या प्रश्नाला उत्तर नसेल, तर ती उपपत्ती राहत नाही, ती श्रद्धा होते. २०२३ च्या खेळानंतर रसिकांत दोन पक्ष पडले. एका पक्षाने पहिल्या राजाचा काळ 'ओकारिना ऑफ टाइम'च्या पूर्वी नेला. दुसऱ्या पक्षाने जुने राज्य लयाला जाऊन त्याच नावाने पुन्हा स्थापन झाले, असे मानले. हा दुसरा पक्ष सोयीचा आहे, कारण राज्याची पुनःस्थापना मानली की कोणतीही विसंगती उरत नाही. तेवढ्याच कारणासाठी त्याच्याकडे सावधपणे पाहावे. सर्व प्रश्नांना एकच उत्तर देणारी किल्ली बहुधा कुलूप न उघडता ते काढूनच टाकते.

आपली प्रगती तपासा – २
'कल्पभेद' हे समाधान वरील चार प्रश्नांच्या कसोटीवर तपासा. ते कोणत्या कसोटीवर उतरते आणि कोणत्या कसोटीवर उतरत नाही?

८. अंतिम अधिकार कोणाचा?

'निर्मात्यांनी कालक्रम छापला, आता वाद कसला?' असा आक्षेप येथे घेतला जाईल. त्याचे उत्तर त्या कालक्रमाच्या इतिहासातच आहे. २०११ च्या ग्रंथात १९९३ चा 'लिंक्स अवेकनिंग' हा खेळ 'ओरॅकल' नावाच्या जोडखेळांच्या नंतर ठेवला होता. पुढे निंटेंडोच्याच कालक्रमात तो त्यांच्या आधी आला. जुन्या खेळांतील मजकूर तोच होता. बदलला तो अर्थ. म्हणजे अधिकृत कालक्रम हाही एक अर्थनिर्णय होता आणि निर्मात्यांनी तो सुधारला. नंतर सांगितलेल्या गोष्टीने आधीच्या गोष्टीचा अर्थ बदलण्याच्या या प्रकाराला आपण 'पश्चात्संगती' म्हणू.

निर्माता हा महत्त्वाचा साक्षीदार आहे, यात शंका नाही. परंतु साक्षीदाराची साक्षही तपासावी लागते. डॉयल यांनी वॉटसनची जखम खांद्यावरून पायावर नेली ती विचारपूर्वक, असे कोणी म्हणणार नाही. कृती एकदा वाचकांच्या हाती गेली, की तिच्यातील मजकूर हा लेखकालाही बांधून ठेवतो.

याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. वाचकाला अधिकार मिळतो तो मजकूर उपलब्ध असेल तरच. झेल्डाचे जुने खेळ नव्या यंत्रांवर पुन्हा प्रसिद्ध होत असतात, म्हणून चाळीस वर्षांपूर्वीच्या खेळाच्या पुस्तिकेतील एक वाक्यही आज तपासता येते. माझ्या बालपणीच्या रहस्यकथांचे तसे झाले नाही. त्या स्वस्त कागदावर छापलेल्या होत्या, हातोहात फिरत आणि फाटल्या की रद्दीत जात. त्या 'वाङ्मय' आहेत की नाहीत, यावर आपण वाद घातला. त्या जपून ठेवाव्यात, याकडे मात्र दुर्लक्ष केले. झुंजारच्या कथांचा क्रम लावायचा, तर आज आधी त्या कथा गोळा कराव्या लागतील. ज्या समाजाने आपली लोकप्रिय पुस्तके जपली नाहीत, त्याच्या वाचकांना उपपत्ती मांडण्याची चैनही परवडत नाही.

९. समारोप

या पाठात आपण निर्मितिक्रम, कथाकाल आणि कथनक्रम यांतील भेद पाहिला. या क्रमांचा मेळ बसेनासा झाला, की वाचक व्यक्तिभेद, कल्पभेद, कथनभेद वा कालस्थगिती यांपैकी एखादा मार्ग स्वीकारतात. नावे आणि कालवाचक शब्द यांचा पुरावा सावधपणे वापरावा लागतो. उपपत्तीची परीक्षा पुराव्याचा दर्जा, एकवाक्यता, लाघव आणि खंडनाची शक्यता या चार कसोट्यांवर होते. निर्मात्याचा शब्द वजनदार असला, तरी तोही तपासून घ्यावा लागतो.

आता त्या वडिलांच्या प्रश्नाकडे वळू. आज ते भेटले, तर मी मुलाची वही मागून घेईन आणि त्यातल्या खोडलेल्या ओळी आधी पाहीन. नवा पुरावा हाती येताच त्याने आपलेच जुने मत खोडले असेल, तर तो अभ्यास करतो आहे. एकही ओळ खोडलेली नसेल, तर त्याला वरचे चार प्रश्न शिकवावे लागतील. आणि हीच परीक्षा आपण आपल्या स्वतःच्या वह्यांनाही लावावी, हे सांगायला मी या वेळी विसरणार नाही.

१०. स्वाध्याय

१) निर्मितिक्रम आणि कथाकाल यांतील फरक आपण वाचलेल्या कोणत्याही मराठी कथामालिकेच्या आधारे स्पष्ट करा.

२) 'नाव व्यक्तीकडे निर्देश करते, ती व्यक्ती कोण, याचा निर्णय नाव स्वतः करत नाही.' या विधानाची अर्नाळ्याच्या शिलालेखाच्या आधारे चर्चा करा.

३) झेल्डा मालिकेच्या अधिकृत कालक्रमातील तिसऱ्या फाट्याच्या बाजूने आणि विरुद्ध प्रत्येकी दोन मुद्दे मांडा.

४) क्षेत्रीय कार्य : आपल्या घरी, शेजारी किंवा गावातील वाचनालयात उपलब्ध असलेल्या जुन्या रहस्यकथा, अद्भुतकथा वा बालकथामालिका यांची यादी करा. प्रत्येक पुस्तकाचे नाव, लेखक, प्रकाशनवर्ष (नसल्यास 'नाही' अशी नोंद) आणि पुस्तकाची सद्यस्थिती लिहा. एकाच नायकाची तीन किंवा अधिक पुस्तके मिळाल्यास त्यांचा कथाकाल लावण्याचा प्रयत्न करा. आपला निर्णय कोणत्या पुराव्याने बदलू शकेल, हे शेवटी एका वाक्यात नमूद करा.